बायोनेट कुठल्या गावची?

"जावई मी पारखून घेतलाय," असं कार्मिन भेटेल त्याला सांगत होती, आणि तो तिचा हक्कच होता. रिटासाठी एडवर्डचं स्थळ आलं तेव्हा निर्मळ गावच्या या बाईने जी चौकशी केली, ती पोलिसांनी केली असती तर अर्धी वसई आत गेली असती. मुलगा भुईगावचा, सातिवलीला एका कारखान्यात मेकॅनिक. कार्मिन स्वतः भुईगावला जाऊन आली. मुलाच्या शेजारणीला भेटली, मग त्या शेजारणीच्या शेजारणीला भेटली. तो रविवारी चर्चमध्ये मिस्साला पुढे बसतो की दाराशी उभा राहतो, पितो का, पीत असेल तर कोणाबरोबर, आणि पीत नसेल तर का नाही, हे सगळं तिने काढून घेतलं. जाता जाता त्याच्या सायकलच्या चेनला बोट लावून तेल आहे की नाही तेही बघून आली.

"सायकल नीट ठेवणारा माणूस बायको नीट ठेवतो," तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"मला बघायला आलात तेव्हा माझी सायकल कशी होती?" सॅन्टनने विचारलं.

"गंजलेली," कार्मिन म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

सॅन्टनबद्दल एवढंच सांगतो की तो केळीच्या वाडीत रमणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा गृहस्थ होता. घरातला सगळा संशय बायकोकडे सोपवून तो सुखाने राहत होता. एका घराला तेवढा पुरे होता.

तर लग्न ठरलं. आता आमच्याकडे लग्न ठरलं की चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार ते जाहीर करतात. अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी यांचं लग्न योजलेलं आहे, कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्याने फादरना येऊन सांगावं. ठाऊक असून गप्प बसणं म्हणजे पाप. दोन रविवार पार पडले. दोन्ही वेळा फादरनी रिटाचं नाव वाचलं की कार्मिन बाकावरून मागे वळून सगळ्या चर्चवर नजर फिरवायची, बोला, आहे का कोणाची टाप, अशी. कोणी हूं की चूं केलं नाही. राहिला होता फक्त तिसरा रविवार.

त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी एडवर्ड घरी आला. हातात कापडी पिशवी. नेहमी तो पिशवी खुंटीला अडकवायचा आणि रिटाने चहा आणेपर्यंत सॅन्टनशी गप्पा मारत बसायचा. आज पिशवी मांडीवर. चहा अर्धाच प्यायला, आणि "जरा धर्माच्या दुकानी जाऊन येतो, फोन करायचाय," म्हणून उठला.

"कोणाला?" रिटाने विचारलं.

"आहे एक मित्र," तो म्हणाला आणि पिशवी पोटाशी धरून गेला.

कार्मिनच्या मनात पाल चुकचुकली. मित्राला फोन करायला जाणारा माणूस पिशवी पोटाशी धरून का जातो? घरात साखर भरपूर होती, तरी तिने साखरेचा डबा उचलला आणि "साखर संपलीय" म्हणून ती मागोमाग निघाली.

पिशवीत काय होतं ते मी आत्ताच सांगून टाकतो, तुम्हाला टांगून ठेवण्यात मला काही मजा वाटत नाही. मुंबईच्या गोदीत टग बोटींवरचे खलाशी एकमेकांशी बोलायला हातात धरायचे वायरलेस सेट वापरतात. ते बिघडले की दुरुस्तीला एडवर्डच्या कारखान्यात यायचे. त्यातल्या एका सेटची अँटेना एडवर्डच्या हातून मोडली. टेबलावरून पडली आणि त्याचाच बूट तिच्यावर पडला, बाकी काही नाही. पण साहेब भडकू माणूस. आदल्याच महिन्यात त्याने एकाला असल्याच कारणावरून घरी पाठवलं होतं. साहेब बाहेरगावी गेला होता, सोमवारी परतणार होता. तोपर्यंत तशीच दुसरी अँटेना आणून बसवली तर नोकरी वाचणार होती. लग्न तोंडावर, आणि नोकरी गेली म्हणून सासूला कोण सांगणार? म्हणून ही लपवाछपवी.

अडचण एकच होती. अँटेना ज्या टोकाने सेटवर बसते, त्या टोकाचे पुष्कळ प्रकार असतात. सेट परदेशी, आणि हे टोक कुठल्या प्रकारचं ते एडवर्डला ठाऊक नव्हतं. नाव कळल्याशिवाय मुंबईच्या बाजारात मागणार काय? म्हणून त्याने लॅमिंग्टन रोडवर रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करणाऱ्या ज्युलियस नावाच्या मित्राला फोन लावला होता.

धर्माच्या दुकानातला फोन आतल्या बाजूला, कांद्याच्या पोत्यांच्या पलीकडे होता. मुंबईची लाइन लागली की माणूस असा ओरडायचा की फोन नसता तरी मुंबईला ऐकू गेलं असतं. कार्मिन पोत्यांच्या अलीकडे डबा घेऊन उभी राहिली. शेजारी रंभा होती. रंभा खाडीकडच्या गावातली, कार्मिनकडून मोगरा आणि केळीची पानं घेऊन आगाशीच्या बाजारात विकायची. तिलाही दुकानात काही घ्यायचं होतं, पण आतून आवाज आला आणि तीही ते विसरली.

"ज्युलियस? अरे मी एडवर्ड. ऐक, माझ्या हातून भानगड झालीय. मोडली. अरे मोडली ती. मानेतच मोडली."

कार्मिनने पोत्यावर हात टेकला.

"नाही, घरी नाही सांगितलं. रिटालापण नाही. लग्न आठवड्यावर आलंय, आता काय तोंडाने सांगू? दिसायला ना? काळी. सडपातळ. बुटकीच म्हण. हो हो, डक. रबर डक."

आखूड रबरी अँटेनेला त्या धंद्यात डक म्हणतात, म्हणजे बदक. कार्मिनला एवढंच कळलं की यात कुठेतरी बदकही आहे.

"नाव मला ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं? सांगतो ना. जास्त नाही फिरवावी लागत. थोडी फिरवली की लगेच जुळते. काय? काय नाव म्हणालास? बायोनेट? बा-यो-नेट. बरं, बायोनेट. आणि दुसरी कोण? दोघी बहिणींसारख्या दिसतात? मग ओळखायची कशी? हां, दुसरीला पुष्कळ फिरवावी लागते होय? मग माझी ती नव्हे. माझी बायोनेटच."

दुकानात इतकी शांतता झाली की धर्माने तराजू खाली ठेवला तो सगळ्यांना ऐकू आला.

"शनिवारी येतो. तिला बरोबर घेऊनच येतो, तू डोळ्यांनी बघ. सोमवारच्या आत उरकायलाच हवं. साहेबाला कळलं तर मेलो."

एडवर्ड पोत्यांमागून बाहेर आला तेव्हा कार्मिन धर्माला साखर मागत होती आणि धर्मा तिला मीठ देत होता.

"ओ मावशी, तुम्ही इथे?" एडवर्ड दचकला.

"साखर संपलीय," कार्मिन म्हणाली. तो हसला आणि सायकलवर बसून भुईगावला निघून गेला. हसला तोही वाईटच, असं कार्मिनला दिसलं.

"कार्मिनबाय," रंभा हळूच म्हणाली, "मान मोडली म्हनत होता. मारली बिरली का काय तिला?"

"तू कोणाला बोलू नको."

"मी कोनाला बोलू? मला काय पडलीय?"

रंभाने हे मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी आगाशीचा बाजार नसता तर तिने पाळलंही असतं.

घरी सॅन्टन ओट्यावर बसून केळीच्या घडांना सुतळी बांधत होता. कार्मिनने रिटा मागच्या अंगणात आहे ना ते बघितलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

"बायोनेट नावाची कोण मुलगी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"बायोनेट?" सॅन्टनने विचार केला. "जॅनेट आहे. बर्नाडेट आहे. आंटोनेट माझ्या मामाची सून. बायोनेट आमच्या वेळेला नव्हत्या. आता नव्या नव्या निघाल्यात."

"काय निघाल्यात?"

"नावं गं."

"एडवर्डची आहे ती."

सॅन्टनने घड खाली ठेवला. कार्मिनने त्याला सगळं सांगितलं, फिरवणं, मान, बदक, दुसरी बहीण, साहेब. सॅन्टनने घड पुन्हा उचलला आणि सुतळीची गाठ मारली.

"त्यालाच विचार ना सरळ," तो शेवटी म्हणाला.

"सरळ विचारलं तर सरळ उत्तर देईल का? तुम्हाला माणसं कळत नाहीत."

शुक्रवारी सकाळी कार्मिन मार्था टीचरकडे गेली. मार्थाच्या हाताखालून गावातल्या सगळ्या मुली गेलेल्या.

"बायोनेट नावाची कोण शिकली का गं तुझ्याकडे?"

"नाही बाई. का?"

"सहज."

आता निर्मळमध्ये "सहज" म्हणून कोणी काही विचारत नाही हे मार्थाला ठाऊक होतं. तिने दुपारच्या सुट्टीत दुसऱ्या टीचरला विचारलं, तेही सहज. तिकडे आगाशीच्या बाजारात रंभाने मोगऱ्याच्या पुड्या बांधता बांधता चार बायकांना विचारलं, कोनाला बायोनेट ठाऊक हाय का, म्हणून. कोणालाच ठाऊक नव्हती. पण ठाऊक नाही असं कबूल करायची आगाशीत पद्धत नाही.

उन्हं उतरता उतरता रंभा कार्मिनच्या अंगणात आली, टोपली उतरवली, पाणी मागितलं, ते सगळं प्याली आणि म्हणाली, "सापडली."

"कोण?"

"तुमची बायोनेट. विरारला नर्स हाय. बदका पालते. मान मोडली तवापासून पट्टा लावून फिरते. एक जनी म्हनते विरारची नाय, पापडीची, मास्तरीन. ती तिची भैन आसल."

कार्मिन ओट्यावर मटकन बसली. काल संध्याकाळपर्यंत त्या बाईला नाव तेवढं होतं. आज तिला नोकरी होती, बदकं होती, मानेला पट्टा होता आणि बहीणसुद्धा होती. आता ती नाही असं कोण म्हणणार?

त्याच संध्याकाळी एडवर्ड कामावरून येताना डोकावला. रिटा चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली होती. कार्मिनने त्याच्यापुढे चहा ठेवला, पाव ठेवला, आणि समोर बसली.

"एडवर्ड, बायोनेटचं काय केलंस?"

एडवर्डच्या हातातला पाव चहात पडला.

"मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीही सांगो. खरं की खोटं?"

त्याने मान खाली घातली. आपल्या अँटेनेची बातमी कारखान्यातल्या कोणीतरी सासूपर्यंत पोचवली असं त्याला वाटलं. "खरं आहे. पण मुद्दाम नाही केलं, मावशी. कामाच्या गडबडीत झालं. एकदाच चूक झाली."

"आहे कोणाची ती?"

"साहेबांनी दिली होती माझ्याकडे."

"म्हणजे साहेबांची?"

"साहेबांची कुठली? गोदीवाल्यांची. दिवसभर खलाशांच्याच हातात असते."

कार्मिनने कपाळावर, छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर क्रूस केला.

"मग आता काय करणार आहेस?"

"जुनी टाकून देणार. ती काही आता कामाची नाही. उद्या मुंबईहून नवी आणतो, अगदी तशीच. साहेबांना फरकसुद्धा कळणार नाही." मग त्याचा आवाज खाली आला. "तेवढं रिटाला सांगू नका, मावशी. तिला वाटेल, लग्नाआधीच हा असा, तर पुढे काय."

"हो ना," कार्मिन म्हणाली. या मुलाला आपण घरात घेणार होतो, याच्यासाठी आपण सगळ्या चर्चकडे वळून वळून बघितलं, या विचाराने तिला भडभडून आलं.

रिटाला तिने नाही सांगितलं. त्याची गरजच पडली नाही. शनिवारी सकाळी मोगरा तोडायला आलेल्या मुली तिला बघून कुजबुजल्या, रिटाने एकीला धरलं, आणि पाच मिनिटांत तिला पट्ट्यासकट सगळं कळलं. ती घरात आली, दाराला टांगलेला लग्नाचा पांढरा ड्रेस काढला, घडी घातली आणि पेटीत टाकला.

"आय, उद्या मी मिस्साला येणार नाही," ती म्हणाली. "फादरना सांग, माझं नाव वाचू नका."

"अगं, आधी नीट कळू दे."

"तुला कळलं होतं. तू मला नाही सांगितलंस." ती रडली नाही, भिंतीकडे तोंड करून पेटीवर बसून राहिली. कार्मिनला वाटलं, ती रडली असती तर परवडलं असतं.

दुपारी कार्मिन डोक्यावर पदर घेऊन फादर मायकलकडे गेली. फादर भला माणूस. कॉलेजात असताना ते एनसीसीत होते आणि हे गावाला विसरू देत नसत. मिरवणुकीतसुद्धा डावा-उजवा पाय बघायचे.

"फादर, अडथळा आहे," कार्मिन म्हणाली.

"कोणाच्या लग्नात?"

"आमच्याच रिटाच्या. आईनेच सांगायची पाळी आली, पण गप्प बसले तर पाप."

"एडवर्डविरुद्ध? काय आहे?"

"बायोनेट."

फादर खुर्चीतून उठले. "काय म्हणालात?"

"बायोनेट. मी या कानांनी ऐकलंय. काल त्याने कबूलही केलं."

फादरनी आधी दार लावून घेतलं. "कुठे ठेवलीय त्याने?"

"मला काय ठाऊक? कोणी विरार म्हणतं, कोणी पापडी म्हणतं."

"म्हणजे एकाहून जास्त आहेत?"

"दोघी आहेत, फादर. बहिणींसारख्या."

"त्याला मिळाल्या कुठून?"

"साहेबाने दिली. गोदीतून आली म्हणतो, खलाशांकडून."

"अरे देवा. कोणाला इजा बिजा?"

"मान मोडली म्हणे."

फादरनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "कार्मिन, हे आपल्या हातातलं प्रकरण नाही. पोलिसांना कळवायला हवं."

"पोलिस कशाला, फादर? बाईच्या भानगडीत पोलिस काय करणार?"

"कुठली बाई?"

"बायोनेट."

"अहो, बायोनेट म्हणजे संगीन. बंदुकीच्या तोंडाशी लावतात ते पातं. मी स्वतः लावलेलं आहे. दाबून जराशी फिरवली की बसते."

कार्मिन त्यांच्याकडे बघत राहिली. "थोडी फिरवली की जुळते," ती स्वतःशी पुटपुटली. एडवर्ड फोनवर हेच म्हणत होता. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला. "म्हणजे ती बाई नाही?"

"बाई कशी असेल?"

"देवा, तुझे उपकार. मग अडथळा कसला, फादर? हत्यारच आहे ना नुसतं? उद्या खुशाल नाव वाचा."

"कार्मिन!"

"संगीन घरात ठेवता येते, फादर. पेटीच्या तळाशी टाकली की झालं. बाई ठेवता येत नाही."

फादरनी तिला पाणी दिलं, मग स्वतःही घेतलं. एडवर्ड मुंबईहून परतला की त्याला थेट इकडे आणायचं असं ठरलं. सॅन्टन सायकल काढून नालासोपारा स्टेशनवर गेला. कार्मिनने रिटाला दंडाला धरून आणलं. सूर्य बुडायच्या आत सगळे फादरच्या टेबलाभोवती होते. रिटा भिंतीला टेकून उभी होती आणि एडवर्डकडे बघत नव्हती. एडवर्ड दारात पिशवी पोटाशी धरून उभा होता.

"ती पिशवी टेबलावर ठेव," फादर म्हणाले. "सावकाश."

"सावकाशच ठेवतो, फादर. नाजूक आहे."

"तोंड भिंतीकडे कर तिचं."

एडवर्डला काही कळेना. त्याने पिशवीतून वायरलेस सेट काढला. मग मोडकी अँटेना काढली, आणि मग कागदात गुंडाळलेली नवी. वीतभर लांबीची काळी रबरी कांडी, खाली चकचकीत धातूचं टोक. फादर दोन पावलं मागे सरले होते ते पुढे आले.

"हे काय?"

एडवर्डने सगळं सांगितलं. टेबल, बूट, साहेब, सोमवार, ज्युलियस. टोकाच्या कडेला दोन बारीक खाचा दाखवल्या. सेटवर ठेवून दाबलं, पाव फेरा दिला, टक आवाज झाला. "अशी बसते ना, संगिनीसारखी, म्हणून हिला बायोनेट म्हणतात," तो म्हणाला. "हिच्यासारखीच दुसरी असते, ती स्क्रूसारखी फिरवत बसायला लागते. माझी कुठली ते कळत नव्हतं."

"म्हणजे संगिनीशी संबंध आहे खरा," फादर म्हणाले. त्यांना तेवढ्यानेही बरं वाटलं.

रिटा भिंतीपासून टेबलाशी आली. "ही बायोनेट?"

"हीच."

"नर्स नाही?"

"कोण नर्स?"

रिटा हसत सुटली, आणि हसता हसता इतकी रडली की सॅन्टनने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नोकरी जाईल म्हणून माझ्यापासून लपवलंस?" ती एडवर्डला म्हणाली. "गेली असती तर बाबांच्या वाडीत केळी काढली असतीस. मी काय तुझ्या साहेबाशी लग्न करतेय?"

एडवर्ड तिला रुमाल शोधत राहिला, आणि शेवटी फादरचाच दिला.

कार्मिनने अँटेना हातात घेतली. उलटी फिरवून काढली, दाबून पुन्हा बसवली. पुन्हा काढली. टक आवाज दर वेळी आला.

"मावशी, पण तुम्हाला काय वाटलं होतं?" एडवर्डने विचारलं.

"मला? मला काही नाही वाटलं," कार्मिन म्हणाली. सॅन्टनला अचानक खोकला आला.

रविवारी चर्च इतकं भरलं की नाताळ आहे की काय असं वाटावं. रिटा पहिल्या बाकावर होती. फादरनी तिसऱ्यांदा नावं वाचली, कोणाला अडथळा ठाऊक असेल तर म्हणाले, आणि जरा थांबले. चर्चमधले सगळे डोळे कार्मिनच्या पाठीवर. या वेळी ती मागे वळली नाही. तिला शिंक आली, आणि ती शिंकली तेव्हा सहा बायका बाकावरून अर्ध्या उठल्या. पण पुढे काही झालं नाही. सोमवारी साहेब आला, सेट बघितला, "ठीक आहे" म्हणाला, आणि एडवर्डची नोकरी टिकली.

आता राहिलं होतं गावाला सांगणं. कार्मिनला वाटलं, त्यात काय, दोन दिवसांचं काम. तिने आधी रंभाला गाठलं. वायरलेसपासून पाव फेऱ्यापर्यंत सगळं समजावलं, टक आवाजसुद्धा तोंडाने काढून दाखवला.

रंभाने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिचा हात हातात घेतला. "बराबर हाय, कार्मिनबाय. असाच सांगायचा लोकांना. शेवटी पोरीच्या सौंसाराचा सवाल हाय."

"अगं, मी खरंच सांगतेय."

"मी कुठे खोटा म्हनते? मी बी सगल्यांना हाच सांगन. अँटिना होती म्हनून."

मार्था टीचरनेही मान डोलावली. "फादरच्या समोर मिटलं ना? मग झालं तर," ती म्हणाली. जितकं कार्मिन समजावून सांगायची तितकी बायकांची माया वाढायची. बिचारीने किती विचार करून शोधून काढलंय, असं त्या तिच्याकडे बघायच्या. आगाशीत तर म्हणे विरारच्या नर्सने आता मनाला लावून घेतलं होतं आणि बदकं विकायला काढली होती. एका रात्री जेवताना सॅन्टनने सहज विचारलं, "कार्मिन, पण ते टोक नक्की तसंच होतं ना गं?" आणि कार्मिनने त्याच्या ताटातला मासा परत उचलून घेतला.

लग्न थाटात झालं. बँड वाजला, मांडवात जेवणावळी उठल्या. रिटा पांढऱ्या ड्रेसमध्ये इतकी सुंदर दिसत होती की कार्मिनला बघवेना, दोनदा मांडवामागे जाऊन डोळे पुसून आली. दुसऱ्यांदा पुसून आली तेव्हा तिला दिसलं की कोणी एक अनोळखी तरुण बाई एडवर्डचे दोन्ही हात धरून हसतेय. एडवर्डही हसतोय. ती म्हणाली, "शेवटी जमलं ना एकदाचं?" आणि एडवर्ड म्हणाला, "तुमच्यामुळेच." मांडवातल्या निम्म्या बायकांनी जेवणं थांबवली होती.

ही ज्युलियसची बायको असणार, मुंबईहून दोघं येणार होती, हे कार्मिनला ठाऊक होतं. एडवर्डने मघाशीच ओळख करून दिलेला ज्युलियस समोरच पान खात उभा होता. बायोनेट म्हणजे अँटेनेचं टोक, हेही तिला ठाऊक होतं. तिने स्वतःच्या हाताने ते फिरवलं होतं. तरी तिचे पाय चालायला लागले. ती त्या बाईजवळ गेली, गोड हसली आणि म्हणाली, "जेवलीस का गं? तुझं नाव काय?"

"बेटी," ती बाई म्हणाली.

"बेटी, छान," कार्मिन म्हणाली. "ते घरातलं नाव झालं. बाप्तिस्म्याचं काय?"